“दुःख देवाला अर्पण कर” हे कुणी कुणाला सांगायचं?

आधी औषधाचं बोलते, देवाचं मग. तू लिहिलंयस की आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, केमो थांबवलीये, रात्री पोटातली कळ पाठीत जाते आणि तरी ती मॉर्फिनची गोळी घेत नाही, कारण रोज तेर्साला, म्हणजे संध्याकाळच्या जपमाळेच्या प्रार्थनेला येणारी शेजारची मावशी तिला सांगते की हें दुख देवाक भेटय, म्हणजे देवाला अर्पण कर, गोळ्या खाऊन झोपून राहिलीस तर देवाला देणार काय. तू वेर्ण्याची नोकरी सोडून डिचोलीला घरी बसलीयस, भाऊ तिकडे इंग्लंडात स्विंडनला. तुला विचारायचंय की आईच्या या दुःखाला ख्रिस्ती माणसाने काय अर्थ लावायचा, तुझ्या त्यागाला काय अर्थ, आणि मधेच आईचाच राग येतो त्याचं काय करायचं.

मी धर्मगुरू नाही, मठातली सिस्टरही नाही, नर्स आहे. मूळची वसईची, लग्न होऊन म्हापशाला आले. ३१ वर्षं नर्सिंग झालं, त्यातली शेवटची १४ वर्षं घरोघरी जाऊन अशाच पेशंटांची सेवा करते ज्यांचा आजार बरा होणार नाहीये. त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकातून नाही भेटलेला, खाटेच्या कडेला बसून भेटलाय.

तर औषध. स्वादुपिंडाच्या बरोबर मागे नसांचं एक जाळं असतं, गाठ त्याला भिडते म्हणून कळ पाठीत जाते आणि आडवं झोपलं की वाढते, पुढे वाकून बसलं की जरा कमी होते. तुझी आई उशी पोटाशी धरून बसून रात्र काढते असं तू लिहिलंयस ना, ते यामुळेच. मॉर्फिन हे कळ आली की घ्यायचं औषध नाही, साधी गोळी असेल तर दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायचं असतं, म्हणजे कळ डोकं वरच काढत नाही. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते मग उतरते, बद्धकोष्ठ मात्र उतरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवंच, ते डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर मागून घे. आणि त्या नसांच्या जाळ्यालाच इंजेक्शन देऊन ते बधिर करता येतं का हे पेन क्लिनिकमध्ये विचार, याच कॅन्सरला त्याचा चांगला उपयोग होतो. डोस किती हे तुझे डॉक्टर ठरवतील, मी नाही.

आता मावशीचं. मावशीला मी वाईट म्हणत नाही, ती स्वतः जे ऐकत आली तेच सांगतेय. पण ती चर्चची शिकवण सांगत नाहीये. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी १९५७ साली पोप पायस बारावे यांना नेमका हाच प्रश्न विचारला होता, की वेदना थांबवणारी औषधं ख्रिस्ती माणसाला चालतात का. त्यांनी सरळ हो म्हणून सांगितलं, दुसरा उपाय नसेल आणि औषधाने आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असेल तरीही चालतं म्हणाले. पुढे १९८० साली व्हॅटिकनने परत लिहून ठेवलं की कुणाला आपल्या वेदनेतला काही भाग ख्रिस्तासोबत आपणहून सोसायचा असेल तर सोसू दे, पण असली शौर्याची वाट सगळ्यांवर लादणं शहाणपणाचं नाही. ‘आपणहून’ हा शब्द लक्षात ठेव, माझं पुढचं सगळं बोलणं त्याच्यावरच उभं आहे.

एक गोष्ट सांगते. बार्देशातल्या एका गावात एक म्हातारे रेंदेर माझे पेशंट होते, जन्मभर माडावर चढून सूर म्हणजे माडी काढलेला माणूस, तळपायाला अजून माडाच्या खाचांचे घट्टे. गालाचा कॅन्सर, तोंड उघडत नव्हतं, नाकातून नळी घातलेली. बायको दोन चमच्यांच्या मधे गोळी चुरडून पाण्यात कालवायची आणि नळीतून द्यायची. एक दिवस गेले तर ते नळीच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून बसलेले, कपाळावर घाम, डोळे मिटलेले, आणि बायको हातात तो चमचा धरून रडतेय. बोलता येत नाही म्हणून शाळेतल्या पोरांची असते तसली पाटी ठेवली होती उशाशी, त्याच्यावर त्यांनी खडूने लिहिलं, पुताखातीर. मुलगा बोटीवर कामाला, जमिनीवरून बापाशी बरीच वर्षं अबोला. त्याच्यासाठी हे सोसत होते. मी म्हटलं बाबा असं नको, तर त्यांनी बायबल पुढे केलं, मार्कचं शुभवर्तमान, पंधरावा अध्याय, क्रूसावर खिळण्याआधी येशूला बोळ घातलेला द्राक्षारस देतात, म्हणजे गुंगी आणणारा, आणि तो घेत नाही. बोट त्या ओळीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

मला उत्तर आलं नाही. खरंच नाही आलं. मी त्यांच्या पाद्र विगाराला, म्हणजे गावच्या चर्चच्या धर्मगुरूंना फोन केला, ते संध्याकाळी स्कूटरवरून आले, खुर्ची न घेता खाटेवरच बसले. त्यांनी मार्क वाचला, मान हलवली, मग पानं उलटून योहानचं शुभवर्तमान काढलं, एकोणिसावा अध्याय, आणि हळू आवाजात वाचलं की येशू म्हणतो मला तहान लागलीये, आणि स्पंजाने दिलेली आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, तो घेतो, आणि मगच पूर्ण झालं म्हणतो. मग एवढंच म्हणाले की पहिली वाटी त्याने नाकारली, दुसरी त्याने स्वतः मागून घेतली, दोन्ही वेळेला तो देवाचा पुत्रच होता. म्हाताऱ्यांनी बराच वेळ काही केलं नाही. मग नळीवरचा हात काढला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटीवर लिहिलं, आतां म्हाका मागणें करूंक जाता. आता मला प्रार्थना करता येते. म्हणजे आधीचे कितीतरी दिवस, वेदना अर्पण करतोय असं म्हणत होते तेव्हा, प्रार्थना होतच नव्हती, नुसती वेदना होती, तिच्यापुढे दुसरं काही उरतच नव्हतं. हे मी फार जणांत पाहिलंय. मर्यादेबाहेरची कळ माणसाला देवाजवळ नेत नाही, ती माणसाला स्वतःच्या शरीराच्या एका जागेत कोंडून टाकते. लंडनला १९६७ साली पहिलं आधुनिक हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटांचं सेवाघर, काढणाऱ्या सिसली सॉन्डर्स, त्या आधी नर्स, मग डॉक्टर, आणि मनापासून श्रद्धाळू ख्रिस्ती, त्या म्हणायच्या की मरणाऱ्या माणसाचं दुखणं चार पदरी असतं, शरीराचं, मनाचं, माणसांचं आणि आत्म्याचं. पहिला पदर सैल केल्याशिवाय चौथ्याला हात लागत नाही, हा माझा अनुभव.

पण त्या म्हाताऱ्यांनी एक गोष्ट स्वतःकडे ठेवली. संध्याकाळचा डोस तेर्स संपल्यावर द्या म्हणाले, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं उशिरा. तेवढी पंधरा मिनिटं मुलाच्या नावाने. मी घड्याळाची कडक बाई, पण ते मी मान्य केलं, कारण ते त्यांनी निवडलेलं होतं, कुणी त्यांच्याकडून काढून घेतलेलं नव्हतं. मुलगा मयताला पोचला, आधी नाही. म्हणून बापाच्या त्यागाने मुलगा परत आला अशी गोष्ट मी करून सांगत नाही. मी सांगते ते एवढंच की ती पंधरा मिनिटं त्या घरातलं सगळ्यात मोठं काहीतरी होतं आणि ते त्या माणसाचं स्वतःचं होतं.

तर मावशीच्या वाक्याबद्दल माझं मत हे. “मी हे अर्पण करतो” हे वाक्य खरं आहे, पवित्र आहे, मी त्याच्यापुढे मान झुकवते. “तू हे अर्पण कर” हे वाक्य निरोगी माणसाने आजाऱ्याला म्हणायचंच नाही. क्रिया तीच, पण करणारा बदलला की ती भेट राहत नाही, वसुली होते. मी हे दुसऱ्याला शिकवतेय खरं, पण नवीन होते तेव्हा मीच हे केलंय. एका बाईचं मूल वॉर्डात दगावलं, मी बावीस-तेवीस वर्षांची, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, ताई देवाची इच्छा. तिने काही उत्तर दिलं नाही, फक्त खांदा काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. तिचा तो खांदा मला अजून आठवतो. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत, आणि पुढे ते जे काही बोलले त्यावर देव शेवटी रागावतो. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते सात दिवसच.

का, या प्रश्नाचं उत्तर आपल्या श्रद्धेत आहे का? आहे असं सांगणाऱ्यांपासून जरा लांब रहा. जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात पाप कुणी केलं, याने की आईबापांनी, आणि येशू म्हणतो दोघांनीही नाही. आणि मग तो कारण सांगत बसत नाही, चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावतो. आपल्याकडे, म्हणजे हिंदू शेजाऱ्यांत काय आणि आपल्यांत काय, आजार आला की कुणाचं तरी काहीतरी बाहेर काढायची सवय फार. तुझ्या आईनेही तुला विचारलंय ना की माझं काय चुकलं. काही चुकलेलं नाही. पेशी बिघडल्या. हे तिला स्पष्ट सांग आणि वाटलं तर योहानचा नववा अध्याय वाचून दाखव.

कारण मिळत नाही, मग काय मिळतं? मला जे मिळालं ते दर वर्षी गुड फ्रायडेला मिळतं. तू पाहिलं असशीलच, त्या दिवशी इगर्जीची म्हणजे चर्चची घंटा वाजत नाही, लाकडाची खटखट वाजते, आणि क्रूसावरून उतरवलेल्या येशूच्या मूर्तीपुढे माणसं रांगेने येऊन पायांचं चुंबन घेतात. आमच्याकडच्या मूर्तीचे गुडघे सोललेले आहेत. घडवणाऱ्याने लक्षात ठेवलंय की हा माणूस वाटेत पडला होता. एका वर्षी माझ्या पुढे एक म्हातारी होती, तिने पायाला ओठ लावले नाहीत, वाकून त्या सोललेल्या गुडघ्यावर तळवा ठेवला, आपण धडपडलेल्या पोराच्या गुडघ्यावर ठेवतो ना तसा, आणि तसाच ठेवून काहीतरी पुटपुटत राहिली, मागची रांग थांबली तरी. तिथे मला कळलं की आपण ज्याची भक्ती करतो तो दुःख समजावून सांगणारा देव नाही, दुःखात सापडलेला देव आहे. गेथशेमनी बागेत तोही म्हणाला की होत असेल तर हा प्याला टळू दे. दुःख गोड आहे असं त्याने कधी म्हटलं नाही. आणि मरणातून उठून आला तेव्हा हातांच्या आणि कुशीच्या जखमा पुसून आला नाही, शंका घेणाऱ्या शिष्याला, थोमाला, त्याच दाखवल्या.

पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १९८१ मध्ये गोळी झाडली गेली होती, त्यातून वाचल्यावर १९८४ च्या फेब्रुवारीत त्यांनी दुःख या एकाच विषयावर मोठं पत्र लिहिलं. त्यातलं एक मला कायम उपयोगी पडतं, की ख्रिस्ताने दोन गोष्टी एकदमच शिकवल्या, स्वतःच्या दुःखातून भलं कर, आणि जो दुःखात आहे त्याचं भलं कर. पहिली गोष्ट आईची, तिला हवी तर आणि हवी तेवढी. दुसरी तुझी. मावशीची सुद्धा दुसरीच. तिला सांग की तेर्सानंतर तासभर आईचे पाय चोळत बस, म्हणजे तू आंघोळ करून घेशील.

आता तुझा त्याग. इथे मला गोव्याचेच संत जोसेफ वाझ आठवतात. १६५१ साली बाणावलीला जन्मले, घर सांकवाळचं. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केलेली, तिथल्या लोकांना मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, द्यायला कुणी नाही हे कळल्यावर १६८७ मध्ये मजुराच्या वेशात निघाले, जाफन्याला उतरले ते अतिसाराने अर्धमेले होऊन. पुढे कँडीत पोर्तुगीजांचे हेर म्हणून तुरुंगात पडले. १६९७ मध्ये तिथे देवीची साथ आली, लोक घरच्या आजाऱ्यांना टाकून पळत होते, हे त्यांना उचलून आणून धूत होते, खाऊ घालत होते. परत गोव्याला आलेच नाहीत, १७११ साली कँडीतच गेले. २०१५ च्या १४ जानेवारीला पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत जाहीर केलं. आता यात बघ, हा माणूस दुःख शोधायला गेला नव्हता. माणसांकडे गेला, दुःख वाटेत लागलं. मला वाटतं खऱ्या त्यागाची खूण हीच, त्याचं तोंड माणसाकडे असतं, वेदनेकडे नसतं. तू नोकरी सोडलीस ती आईकडे तोंड करून सोडलीस ना? मग त्यात अर्थ आहेच, वरून लावायची गरज नाही. पण उद्या जर तू फक्त भावाला दाखवायला, किंवा लोक काय म्हणतील म्हणून, किंवा मी थकलेच नाही हे स्वतःला सिद्ध करायला राबायला लागलीस, तर त्याची दिशा बदलली असं समज आणि थांब.

आणि थांबणं हे पाप नाही. क्रूस येशूनेही एकट्याने नेला नाही, वाटेत कुरेनेच्या शिमोनाच्या खांद्यावर तो दिला गेला, आणि शिमोन काही हौसेने आला नव्हता, शिपायांनी धरून आणला होता. तुझ्या भावाला तसाच धर. व्हिडिओ कॉलवर आईशी बोलून फोन ठेवायचा एवढं पुरेसं नाही. रात्रीची बाई ठेवायला महिन्याचे पैसे पाठव असं आकड्यासकट सांग, आणि मोठ्या सुट्टीत पंधरा दिवस येऊन तू बस, मी झोपते, असंही सांग. लोटलीला शांती अवेदना सदन आहे, कॅन्सरच्या अशाच पेशंटांसाठीचं, कुठल्याही धर्माच्या माणसाला घेतात, तिथे चौकशी करून ठेव. आईला कायमची तिकडे ठेव असं मी म्हणत नाही, पण दुखणं ताब्यात येईपर्यंत काही दिवस ठेवता आलं तर दोघींना श्वास मिळेल.

रागाचं म्हणशील तर तो येणारच, तीन रात्री न झोपलेल्या माणसाला देवदूताचाही राग येईल. तो गिळू नको, प्रार्थनेतच ओत. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र वाच, त्यात शेवटपर्यंत उजेड नाही, अंधार माझा सोबती असं म्हणून ते संपतं, आणि तरीही ते पवित्र ग्रंथात ठेवलंय, कुणी त्याला गोड शेवट जोडला नाही. येशूने क्रूसावर म्हटलेलं ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस’ हेही २२ व्या स्तोत्रातलंच, म्हणजे तक्रारीचे शब्दसुद्धा त्याने आपल्याच लोकांच्या प्रार्थनेतून घेतले. मी स्वतः किती रात्री पेशंटच्या घरून परत येताना गाडी म्हापशाच्या नदीकाठाला बाजूला घेऊन देवाशी भांडलेय. त्या भांडणात माझी श्रद्धा गेली नाही, उलट ज्या दिवसांत मी गोड गोड प्रार्थना करत होते तेव्हा ती जास्त पातळ झालेली.

एक राहिलं. रुग्णाभ्यंगासाठी, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावायच्या संस्कारासाठी, पाद्रीला बोलवायला आई घाबरते, तेल लावलं की मरण आलं असं तिला वाटतं, असं तू शेवटी लिहिलंयस. आपल्याकडे सगळ्यांनाच असं वाटतं, आणि त्यामुळे लोक शेवटच्या श्वासाला पाद्रीला फोन करतात, तेव्हा आजाऱ्याला काही कळत नसतं. तो संस्कार आजाऱ्यांचा आहे, मेलेल्यांचा नाही, आजार बळावला की पुन्हाही घेता येतो. शुद्धीत असताना, तुझा हात तिच्या हातात असताना होऊ दे. कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात, इतक्या सुया टोचलेल्या हाताला कुणीतरी न टोचता हात लावतंय याने पेशंट कसे सैल होतात ते मी पाहिलंय.

आज रात्री एवढं कर. दहाचा डोस दे. ती नको म्हणाली तर वाद घालू नको, योहानचा एकोणिसावा अध्याय काढून अठ्ठाविसाव्या ओळीपासून तिसाव्यापर्यंत वाच, आणि तिला विचार, आई तुला देवाला काय द्यायचंय? ती जे सांगेल ते वहीत लिहून ठेव, भले ते पंधरा मिनिटं असो, नाहीतर काहीच नसो. मग भावाला मेसेज टाक. तिकडे आत्ता संध्याकाळ असेल.